दोघांतला एक खाली

परभणी जिल्ह्यात डोंगर चढायला जाते असं सांगितलं की पुण्यातले माझे सहकारी हसतात. त्यांनी जिल्हा रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेला असतो. काळी सपाट जमीन, कापूस, तूर, मधूनच एखादा लिंब. पण पालमच्या बाजूला बालाघाटची रांग संपता संपता एक दगडी धार सोडून जाते. पायथ्याच्या वाडीतली माणसं तिला करवत म्हणतात. उंची फार नाही. माथा मात्र अरुंद आहे, उभ्या काळ्या दगडांचा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं तर निम्म्या वाटेत हातही पायांसारखे वापरावे लागतात.

बाबा दर वर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी करवतीवर जायचे. ते शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर खडूने डोंगर काढायचा कंटाळा आला म्हणून खरा शोधला, असं ते सांगत. त्यांच्याबरोबर ठरलेली माणसं असायची. लिंबाजीकाका, त्यांचे शाळेपासूनचे मित्र, शेतकरी. केशरबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आणि बालाजी, बाबांचा विद्यार्थी, आता एसटीत कंडक्टर. मी कॉलेजात असताना तीनचारदा गेले होते.

आई कधीच गेली नाही. मी लहान असताना त्या दोघांचं ठरलं होतं की दगडावर दोघांनी एकदम जायचं नाही. दोघांतला एक खाली राहायचा, पोरीसाठी. मग पोर मोठी झाली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी ठराव तसाच राहिला. बाबा संध्याकाळी परत यायचे, स्वयंपाकघरात पाटावर बसून सगळी वाट दगड न् दगड सांगायचे, आणि आई भाकरी थापत नुसतं ‘हं’ म्हणायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दिवसभर बोलून आल्यावर घरात तिला ऐकायला आवडायचं.

वैशाखात बाबा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत संपलं.

त्यानंतरची आई मला कळेनाशी झाली. ती रडली नाही. आलेल्यांना चहा दिला, दहावं-तेरावं व्यवस्थित केलं, आणि मग हळूहळू एकेक गोष्ट सोडत गेली. आधी पेपर वाचायचं सोडलं. मग शेजारच्या रेणुकाला शिलाई मशीन देऊन टाकलं. चांगल्या साड्या वाटल्या. परसात विहीर आहे. रोज संध्याकाळी पोहऱ्याने पाणी शेंदून ती मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घालायची, तेही बंद झालं. एकदा भाजी निवडताना म्हणाली, “आता माझं काय काम उरलंय इथं?” आवाजात दुःख नव्हतं. परीक्षा संपल्यावर वर्गातली मुलं विचारतात तसा तो प्रश्न होता.

दिवाळीपासून मी रजा घेऊन तिच्याजवळ राहत होते. विहिरीवरच्या लोखंडी जाळीला मी कुलूप लावलं. आईने विचारलं, “कशाला?” मी म्हटलं, “मांजर पडेल.” ती म्हणाली, “बरं.” किल्ली मी दस्तीच्या, म्हणजे हातरुमालाच्या, टोकाला बांधून सतत माझ्याजवळ ठेवत होते. संक्रांतीनंतर मला पुण्याला परत जायचं होतं. आई माझ्याबरोबर यायला तयार नव्हती. तिला एकटं ठेवून जाता येईल का, एवढाच एक प्रश्न माझ्यासमोर होता, आणि तो मी कुणालाही, विवेकलासुद्धा, नीट शब्दांत सांगितला नव्हता. नवऱ्याला फोनवर सांगता येईल असे शब्दच मला सापडत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी लिंबाजीकाकांचा निरोप आला की उद्या जायचं ठरलंय, ताई येणार का. मी आईसाठी नाही म्हणणार होते. आई धपाट्यांचं पीठ मळत होती.

“कळव त्यांना, दोघी येतो म्हणून.”

“दोघी?”

“मी येणार आहे. धपाटे काय उगीच मळतेय?”

“तू कधी गेली नाहीस आई.”

“आता मागं राहायचं कारण उरलं नाही,” ती म्हणाली आणि पिठावर ओला हात फिरवला.

करवतीची उजवी बाजू उतरती आहे, डावीकडे सरळ कडा आहे. ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

*

बालाजीने कुणाची तरी जीप आणली होती. आईला बघून तो गडबडीने खाली उतरला.

“बाई, तुमी पुढं बसा. लेडीज सीट राखीव हाय.”

“मग मी काय जेंट्स हाय का रे मुडद्या?” मागच्या बाकावरून केशरबाई म्हणाल्या.

“सिस्टर, तुमाला एक सीट पुरत न्हाई. तुमाला मागचा सगळा बाक दिला.”

“उद्या ये इंजेक्शन घ्यायला. जुनी सुई ठेवलीय तुझ्यासाठी.”

आई हसली. म्हणजे ओठ जरा हलले. तिने माझा जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि शाळेतल्या कवायतीचे पांढरे बूट. खांद्याला धपाट्यांची पिशवी होती आणि ती तिने कुणाला घेऊ दिली नाही.

हुरड्याचे दिवस होते. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आली होती, करडई काट्यांवर आली होती. वाडीत पोचलो तेव्हा करवतीच्या माथ्यावर नुकतं ऊन आलं होतं आणि खाली अजून गारठा होता. लिंबाजीकाकांनी विहिरीचा दोर खांद्यावर घेतला, चपला काढून पिशवीत टाकल्या. ते दगडावर नेहमी अनवाणीच चढत.

दगडावरचे नियम बाबांनी घालून दिलेले होते. पुढे लिंबाजीकाका, कुठला दगड हलतो ते तेच बघणार. चढणाऱ्याला कुणी हाक मारायची नाही, कारण हाक आली की माणूस मान वळवतो आणि मान वळली की पाय हलतो. काही सांगायचं असलं तर आपल्या मागच्याला सांगायचं, त्याने त्याच्या मागच्याला. असं करत ते शेवटी बाबांपर्यंत जायचं आणि थांबायचं की पुढे जायचं हे बाबा ठरवायचे. बाबा कायम शेवटी असत. त्यामुळे या लोकांना मागे वळून बघायची सवयच नव्हती. मागं सर हायेत, एवढं त्यांना पुरायचं.

त्या दिवशी पायथ्याशी सगळे उभे होते आणि ही गोष्ट कुणीच काढत नव्हतं. बालाजी बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होता. केशरबाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. शेवटी कोण, हे विचारणं म्हणजे बाबा नाहीत हे मोठ्याने म्हणण्यासारखं होतं. मी विचारू शकले असते. मीही विचारलं नाही.

“चला मग,” लिंबाजीकाका म्हणाले आणि वळले.

मी आईला माझ्या पुढे घातलं आणि तिच्या टाचांवर नजर ठेवून निघाले.

पहिला टप्पा गवताचा. पिवळं, गुडघ्यापर्यंतचं गवत, आणि त्याची कुसळं मोज्यांत, सलवारीत, सगळीकडे शिरत होती. मग दगड सुरू झाले. वाडीतली माणसं पहिल्या सुळक्यांना दात म्हणतात. दोन दातांच्या फटीत पाय अडकवायचा, पुढच्या दाताच्या डोक्याला हात घालायचा आणि अंग ओढून घ्यायचं. आई चढत होती. सावकाश, प्रत्येक दगडाला आधी तळहात लावून, जसं ताप बघायला कपाळाला लावतात तसा. एकदाही तिने डावीकडे बघितलं नाही. मला त्याचंही भय वाटलं.

“दमलीस का?”

“दगडावर बोलायचं नसतं ना?”

दात संपले की धार रुंद होते आणि मग उंट येतो. उंट म्हणजे दोन मदारी असलेला मोठा खडक, धारेवर आडवा बसलेला. पहिल्या मदारीला उभा टप्पा आहे, दीड पुरुष उंचीचा. धरायला वर एकच चांगली कपार. लिंबाजीकाका चढले, बालाजी चढला, त्यांनी वरून दोर सोडला. केशरबाई मध्येच अडकल्या. त्यांचा एक पाय खोबणीत होता आणि दुसरा हवेत हलत होता.

“आगं माय! बालाजी, ओढ की रे!”

“सिस्टर, ओढायलोच की. तुमी जरा तिकडून मदत करा.”

“काय मदत करू? पंख लावू का?”

लिंबाजीकाकांनी वरून माझ्याकडे बघून हात केला. खालून कुणीतरी केशरबाईंचा पाय उचलून खोबणीत ठेवायला हवा होता, आणि तिथे उभं राहायला जागा एकाच बारीक माणसाची होती. मी आईकडे बघितलं. ती बाजूला सीताफळीच्या झुडपाला धरून उभी होती.

“जा,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”

मी तिला ओलांडून पुढे गेले. केशरबाईंची टाच हातात घेतली, ती खोबणीत बसवली, खांदा लावला. त्या वर गेल्या. त्यांच्यामागे मी तिथेच चढणं सरळ होतं, कारण माझा एक पाय आधीच खोबणीत होता. मी कपारीत बोटं घातली आणि चढले.

त्यानंतरचं मला जसं आठवतं तसं सांगते. दगड गार होता. पहिल्या मदारीच्या वर धार अगदी अरुंद होते आणि दोन्ही हात टेकवून घोड्यावर बसल्यासारखं सरकावं लागतं. वारा होता. पुढचा हात कुठे, मग पाय कुठे, मग दुसरा हात, एवढंच डोक्यात होतं. त्यापलीकडे काहीच नव्हतं. ना कुलूप, ना रजा, ना रात्री शेजारच्या खाटेवरचा श्वास ऐकत पडून राहणं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी आईला विसरले होते. दुसऱ्या मदारीवर पोचून बसले तेव्हा मला चक्क हसू आलं. केशरबाईही हसत होत्या आणि खरचटलेल्या कोपराला थुंकी लावत होत्या.

“नर्स ना तुमी?” बालाजी म्हणाला.

“रिटायर झाले.”

बालाजीने पाण्याची बाटली काढली. एकेकाला दिली. मग बाटली हातात धरून त्याने विचारलं, “बाई?”

तो माझ्याकडे बघत होता. मी केशरबाईंकडे बघितलं. केशरबाईंनी लिंबाजीकाकांकडे.

“तुझ्या मागं होत्या ना?” केशरबाई मला म्हणाल्या.

“मी तर पुढं आले. तुम्हाला चढवायला.”

“मला वाटलं मागं…” बालाजी म्हणाला आणि थांबला. तो काय म्हणणार होता ते सगळ्यांना कळलं. त्याला वाटलं, मागं सर आहेत.

मी मागे बघितलं. धार रिकामी होती. पहिल्या मदारीपर्यंतची सगळी धार, आणि तिच्यावर कुणीही नव्हतं.

लिंबाजीकाका उठले आणि आलो त्या वाटेने उलटे सरकत निघाले. “हालू नका कुणी,” एवढंच म्हणाले. मी हलले. डाव्या काठाशी पोटावर झोपले आणि खाली बघितलं. सरळ काळा कडा, त्याच्या तळाशी गळून पडलेले दगड, टणटणीची जाळी, आणि त्या जाळीत काहीतरी पांढरं. आईचे बूट पांढरे होते.

केशरबाईंनी मागून माझी ओढणी मुठीत धरली होती. “काय दिसायलंय? वैदेही, काय दिसायलंय?”

मी बोट दाखवलं. बालाजी माझ्या शेजारी झोपला. त्याने बराच वेळ बघितलं. “पोतं हाय,” तो म्हणाला. “खताचं पोतं. ताई, बघा नीट, त्याच्यावर लिहिलेलं हाय काहीतरी.”

पोतंच होतं. वाऱ्याने फुगत होतं आणि बसत होतं. पण त्याने काहीच सुटत नव्हतं. कड्याचा पाय सगळा दिसत नव्हता.

तिकडून लिंबाजीकाकांचा आवाज आला, “सीताफळीपाशी न्हाईत! खाली बी न्हाईत!” त्या माणसाने दगडावर ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग बाबांचा नियम कुणीच पाळला नाही. बालाजी ओरडला, “बाईऽऽ!” केशरबाई ओरडल्या. मी गुडघ्यांवर उठून, कुठल्या दिशेला ते न बघता, पोटातून ओरडले, “आईऽऽ!”

“ओरडू नका!”

आवाज मागून आला नाही, खालून आला नाही. पुढून आला. दुसऱ्या मदारीच्या पलीकडून, जिथे अजून आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं.

“दगडावर आहात ना? मग ओरडता कशाला? पडेल एखादा!”

तो चौथीच्या वर्गातला आवाज होता. बालाजी त्या वर्गात कधी बसला नव्हता, तरी त्याने तोंडावर हात ठेवला.

*

उंटाच्या पलीकडे धार खाली उतरते आणि एक खिंड लागते. खिंडीत बैलगाडीएवढा सपाट दगड आहे. आई त्या दगडावर मांडी घालून बसली होती. बूट काढून शेजारी जोडून ठेवलेले, मोजे हातात, आणि ती त्यांतली कुसळं एकेक करून उपटत होती. वर्तमानपत्र अंथरून त्यावर धपाटे मांडले होते. दह्याचा डबा होता. कांदा फोडलेला होता.

मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. तिच्यासमोर उभी राहिले आणि मग मीही दगडावर बसले.

“एवढा वेळ?” आई म्हणाली. “मी एक धपाटं खाल्लं. भूक लागली होती.”

वर्तमानपत्रावर तुकडे पडले होते. खरोखरच तिने खाल्लं होतं. घरी मी तिच्या ताटाशी बसून घास मोजायची.

केशरबाई धापा टाकत आल्या. “बाई, काय हो हे! माझं बीपी किती झालं असंल! कुठं गेलावतात तुमी?”

“खालच्या वाटेने आले. सीताफळीपासून फुटते ती. गुरांची वाट आहे. उंटाला वळसा घालून येते.”

“तुमाला कसं ठाऊक?” बालाजीने विचारलं. “आमाला तर कधी कुणी दावली न्हाई.”

“तुम्ही सगळे वरून जाणारे. त्यांचा गुडघा दुखत होता त्या वर्षी ते त्या वाटेने आले होते. मला सांगितलं होतं त्यांनी. शेळ्यांच्या लेंड्या दिसतील तिकडे वळ, मग डावीकडे एक पिंपरणीचं झाड, तिथून वर. बरोबर तसंच आहे.” तिने मोज्यातलं कुसळ काढून वाऱ्यावर सोडलं. “पिंपरण वाळलीय मात्र.”

लिंबाजीकाका शेवटी आले. दगडाच्या कडेला टेकले, डोक्याचा रुमाल काढून त्यात तोंड पुसलं आणि बराच वेळ रुमाल तोंडावरच ठेवला.

“पण सांगायचं तरी,” मी म्हणाले. माझा आवाज मला नको होता तितका चढला. “जाताना सांगायचं तरी कुणालातरी!”

“कुणाला? तुम्ही सगळे दगडावर होतात. दगडावरच्याला हाक मारायची नाही. खाली उतरावंसं वाटलं तर लाजायचं नाही, खुशाल उतरायचं, पण मागच्याला सांगून. असंच आहे ना, लिंबाजीभाऊ?”

काकांनी रुमालाआडून मान हलवली.

“म्हणून मागे वळून बघितलं,” आई म्हणाली. “तर मागे कोणी नव्हतं.”

बालाजी कांद्याकडे बघत होता. खिंडीतून वारा येत होता आणि वर्तमानपत्राचं टोक फडफडत होतं. आईने त्यावर दह्याच्या डब्याचं झाकण ठेवलं.

“मग?” केशरबाईंनी हळूच विचारलं.

“मग काय. थांबले जरा वेळ. सांगितलं, खालून जाते म्हणून. आणि उतरले.”

कुणाला सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. केशरबाईंनी आईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मग मोठ्याने नाक शिंकरलं. “दही कशाला हो आणलं, थंडीचं? सर्दी हुतीय मला.”

“मग तुमचं मला द्या,” बालाजी म्हणाला.

“तू आधी मागं बघायला शीक. कंडक्टर म्हणं! गाडी सुटायच्या आधी पॅसेंजर मोजत्यात ना रे?”

“गाडीत मागचा दरवाजाच बंद झालाय आता, सिस्टर.”

“तुझा मेंदू बी त्याच्यातच ऱ्हायला.”

लिंबाजीकाका हसले. आई हसली, आणि या वेळी नुसते ओठ नाही. सगळे धपाट्यांवर तुटून पडले. आईने आणखी एक घेतलं, त्यावर दही, दह्यावर चटणी, आणि आम्ही काय बोलतो त्याकडे लक्ष न देता नीट चावून खाल्लं. मी तिच्याकडे बघत होते. दुसऱ्याला खाताना असं बघू नये हे तिनेच मला शिकवलं होतं.

“तुला काय वाटलं?” ती एकदम म्हणाली. बाकीचे तिघे पलीकडे दोर गुंडाळत होते. ती हळू बोलली.

“काही नाही. वाटलं, पडलीस.”

“पडले की…” तिने वाक्य सोडून दिलं. बोटं चाटली. “वैदेही, तो टप्पा मी बघितला. चढले असते कदाचित. हात घालून बघितला होता. पण मनात आलं, तू वर गेलीयेस.”

“मग?”

“मग काय, दोघांतला एक खाली. तसं ठरलेलं आहे.”

“ते तुमच्या दोघांचं होतं.”

“आता ते नाहीत. म्हणजे दोघं कोण राहिलो? तू नि मी.”

तिने हे शिकवल्यासारखं सांगितलं, हातच्याची बेरीज समजावतात तसं. मला काल संध्याकाळचं तिचं वाक्य आठवलं, आता मागं राहायचं कारण उरलं नाही. ती ते म्हणाली तेव्हा तिने ते खरंच मानलं असावं. इथे सीताफळीपाशी उभी राहून, माझी टाच कपारीवरून दिसेनाशी होताना बघून, तिने ते पुन्हा तपासलं असावं आणि खोडून टाकलं असावं. मी तिला विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारत नाहीत. पण माझ्या छातीवर इतके महिने कुणीतरी पाय देऊन उभं होतं, ते उतरून बाजूला झालं. मी दोन वेळा खोल श्वास घेतला. हवेला वाळलेल्या गवताचा आणि कांद्याचा वास होता.

“आणि हे बघ,” आई बूट चढवत म्हणाली, “घरी गेल्यावर जाळीचं ते कुलूप काढ. मोगरा वाळायला लागलाय. पाणी शेंदता येत नाही मला.”

मी दस्तीतली किल्ली चाचपली.

“मांजर पडेल, म्हणालीस.”

“हो.”

“आपल्याकडे मांजर कुठंय?”

ती नाडीची गाठ बांधत होती, माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. कुलपाचं, रात्री मी जागी असते त्याचं, ताटाशी बसण्याचं, सगळं. आणि तिने मला ते करू दिलं होतं. कदाचित कुलूप असलेलं तिलाही काही दिवस बरं वाटलं असेल. तेही मी विचारलं नाही.

मी दस्ती काढली. टोकाची गाठ घट्ट बसली होती, घामाने आणि रोजच्या हाताळण्याने. ती मला सुटेना. आईने दस्ती माझ्या हातातून घेतली, दाताने गाठ सैल केली, किल्ली काढली आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकाला बांधली. रिकामी दस्ती घडी करून मला परत दिली.

“तोंड पूस,” ती म्हणाली. “मातीने भरलंय.”

*

खिंडीच्या पुढे करवतीचा शेवटचा सुळका आहे. त्याला वाडीत राखणदार म्हणतात. लिंबाजीकाका उठून उभे राहिले, दोर खांद्यावर घेतला, आणि मग पहिल्यांदा वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

“शेवटी कोण?” त्यांनी विचारलं.

बालाजीने घसा साफ केला. “मी ऱ्हातो. आमचं कामच ते हाय. पुढं डायवर, मागं मी.”

“बघशील का नीट?”

“सरांनी बघितलं तसं न्हाई जमायचं. पर बघतो.”

“मी खालून जाते,” आईने त्याला सांगितलं. अगदी नियमाप्रमाणे, मागच्याला. “ही वाट पुढं वाडीच्या पाणवठ्यावर निघते. तिथं भेटू.”

“बराबर, बाई,” बालाजी म्हणाला आणि मान तुकवली, जशी तो बाबांपुढे तुकवायचा. “जावा तुमी. ध्यान हाय माझं.”

आम्ही चढलो. राखणदार उंटापेक्षा सोपा आहे, पण लांब आहे, आणि त्याच्या पाठीवरून उजवी बाजू सगळी दिसते. गुरांची वाट खाली गवतातून आमच्याबरोबर चालली होती. आई तिच्यावर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पायाखाली बघत होती, आणि हातात पिशवी होती. मध्येच ती वाकली, काहीतरी उचललं, बघितलं, पिशवीत टाकलं. सीताफळाच्या बिया असतील, किंवा चुलीत घालायला काटकी. घरी काहीतरी न्यायचंय असं तिला वाटलं होतं, तेवढं मला पुरे होतं.

“ताई,” मागून बालाजी हळूच म्हणाला, “दगडाकडं बघा. बाईंकडं मी बघायलोय.”

मी दगडाकडे बघितलं. पुढची कपार शोधली आणि तिच्यात हात घातला.